दारातली माळ

देवळाला वळसा घालून प्रचाराचा ट्रक कालवंवाल्यांच्या गल्लीत शिरला आणि वर उभ्या असलेल्या पेइयूनने लोकांना हात करणं थांबवलं.

सकाळपासून सगळं झकास चाललं होतं. समुद्रदेवीपुढे उदबत्त्या लावून प्रचाराला सुरुवात झाली होती. तिच्या छातीवर नावाचा पट्टा होता, पाठीवर भला मोठा सात आकडा होता आणि कर्ण्यावर तिच्या कार्यकर्त्याचा, आखुनचा, पार बसलेला आवाज होता. “जिल्हा परिषदेसाठी नंबर सात! आपल्या गावची लेक, होंग पेइयून!” बाजारपेठेत तर दारोदारी फटाक्यांच्या माळा तडतडल्या. उमेदवाराचा ट्रक दारावरून जाताना जो माळ लावतो तो आपला, आणि जो दार लावून घेतो तो दुसऱ्याचा. इकडे मत असं कानठळ्या बसवून सांगतात.

पण या गल्लीत तिचं माहेर होतं, आणि माहेरचं दार बंद होतं.

तिचा बाप थ्येनलाय हा गल्लीतला वडीलधारा. पहिली माळ त्याच्या दारात वाजायची, मग बाकीच्यांची. गेली तीस वर्षं तो ती ल्याओ साहेबांसाठी वाजवत आला होता, आणि ल्याओ साहेब तीस वर्षं निवडून येत होते. यंदाही ते उभे होतेच. काल जेवताना त्याने लेकीला तोंडावर सांगितलं होतं, “माझ्या आईच्या अंत्ययात्रेत साहेब भर पावसात चालले. तू पोटची पोर आहेस, पण शब्द तो शब्द. माझ्या दारात तुझी माळ वाजणार नाही.”

“खाडीतला गाळ काढतो, हा शब्द साहेबांनीही दिला होता, बाबा. कालवं मेली सगळी.”

म्हाताऱ्याने वाडगा उचलला आणि तो आत निघून गेला.

आता दारादारांत बायका कालवांचे शिंपले फोडत बसल्या होत्या. सुऱ्या हातात, नजरा थ्येनलायच्या दाराकडे. प्रत्येकीच्या टोपलीखालून माळेचा लाल कागद डोकावत होता.

“आम्ही तयार आहोत गं पोरी!” शेजारच्या चिन मावशी ओरडल्या. “पण आधी तुझ्या बापाची! रीत ती रीत!”

आखुनने कर्णा खाली घेतला. “ताई, ट्रक मागे घेऊ का? बापाच्याच दारात माळ वाजली नाही, तर संध्याकाळपर्यंत गावभर होईल. उद्या बाजारपेठही दारं लावून घेईल.”

“सरळ घे,” पेइयून म्हणाली.

ट्रक दाराशी आला, तशी दाराची एक फळी सरकली. बाहेर आली तिची आई, आहाव. एका हातात पेटती उदबत्ती, दुसऱ्या हातात माळ. तिने कुणाकडे न बघता माळ कपडे वाळत घालायच्या बांबूला अडकवली आणि वात पेटवली. पेइयूनचे डोळे भरून आले. नमस्कारासाठी ती कमरेत वाकली.

तड. तड तड. फुस्स.

गेल्या नववर्षाची, तांदळाच्या डब्यामागे लपवलेली माळ. खाऱ्या हवेने पार सादळली होती. वरचा हातभर तुकडा तसाच लोंबत राहिला. ट्रकवरच्या ढोलवाल्याने ढोल थांबवला. पहिल्याच दिवशी माहेरच्या दारात विझलेली माळ! असल्या उमेदवाराला देवही मत देत नाही, हे गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पेइयून वाकली होती ती वाकलेलीच राहिली. वर कुठल्या तोंडाने बघायचं?

“अक्कल गहाण टाकलीस का?”

थ्येनलाय बनियनवरच बाहेर आला होता. तोंडात सिगारेट, काखेत माळेचं परातीएवढं लाल वेटोळं. ट्रककडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. “अर्धी माळ दारात टांगून ठेवतात? माझ्या दारात? या घराची काही इज्जत?”

“अहो, ही तर उद्याची!” आहावने त्याचा दंड धरला. “ल्याओ साहेबांच्या माणसांनी दिलेली, त्यांच्या ट्रकसाठी!”

“उद्याचं उद्या बघू. सरक बाजूला.”

त्याने वेटोळं सोडलं, दारापासून थेट ट्रकच्या चाकापर्यंत पसरलं आणि सिगारेट टेकवली.

गल्ली फुटली म्हणायची. ती माळ संपायच्या आत चिन मावशींची लागली, मग समोरची, मग कुणाची कोणती ते कळेना. बायका सुऱ्या टाकून नाचू लागल्या, आखुन कर्ण्याशिवायच “नंबर सात!” म्हणून किंचाळत सुटला, ढोलवाल्याच्या अंगात आलं. पेइयूनने ट्रकवरून उडी मारली. धुरातून वाट काढत ती बापापुढे जाऊन गुडघ्यांपर्यंत वाकली. इतका आनंद तिला लग्नातही झाला नव्हता.

“पट्टा वाकडा झालाय,” म्हातारा म्हणाला, आणि त्याने तो सरळ केला.

तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला. त्याने नाव पाहिलं, आणि त्याचा उतरलेला चेहरा अख्ख्या गल्लीने पाहिला. बातमी पोचायला वेळ लागला नव्हता. त्याने क्षणभर विचार केला आणि फोन कानाला लावला.

“हॅलो? कोण, साहेब? काय म्हणता? ऐकू येत नाही हो! फटाके वाजतायत!”

शेवटची माळ केव्हाच संपली होती. ढोल थांबला होता, बायका तोंडावर हात धरून हसू दाबत उभ्या होत्या, आणि कालवांच्या शिंपल्यांवर जळके लाल कागद अलगद पडत होते. त्या चिडीचूप गल्लीच्या मधोमध थ्येनलाय दुसऱ्या कानात बोट घालून जिवाच्या आकांताने ओरडत होता, “आमच्याच दारात वाजतायत, साहेब! काही म्हणजे काही ऐकू येत नाही!”