पायातला दोर

“वन्सं, एवढं ऐका माझं. आज तुम्ही धावू नका,” उल्जान म्हणाली. कढईत तळायला टाकलेली पिठाची बोर्सोकं तशीच सोडून ती सालकिनच्या पुढ्यात येऊन उभी राहिली होती.

बुटाची नाडी बांधता बांधता सालकिनच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. भावाची बायको, काल-परवा या घरात आलेली, आणि देशाच्या फुटबॉल संघात मधल्या फळीत इतकी वर्षं खेळलेल्या बाईला सांगते, धावू नका!

“का गं? लंगडी समजतेस मला?”

“तसं नाही हो...”

“मग कसं?”

उल्जानचे डोळे भरून आले. कढईकडून करपल्याचा वास आला तशी ती तिकडे पळाली.

गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन वर्ष उलटलं होतं. ते सगळं वर्ष सालकिननं अत-बाशी गावात भावाच्या घरी काढलं. भाची मीरिम पाय टाकायला लागली तशी दिवसभर ती या आत्याच्याच बोटाला. अंगणात दोघींच्या येरझाऱ्या चालायच्या. तेवढाच आपल्याला व्यायाम, असं सालकिन म्हणायची. गुडघा थंडीत जरा जड वाटायचा, एवढंच. बाकी ठणठणीत! निदान घरात कुणी वेगळं बोललं नव्हतं.

आजच सकाळी राजधानीतून, बिश्केकहून, संघाच्या प्रशिक्षक बाईंचा फोन आला होता. “शिबिर सोमवारपासून. येतेस की मी दुसरी बघू? एकच विचारते सालकिन, लंगडत नाहीस ना?”

“छे हो!”

“नीट विचार कर. संध्याकाळी परत फोन करते.”

म्हणून तर तिला आज धावायचं होतं. मीरिमचा दोर कापायचा दिवस होता. पोर चालायला लागली की तिच्या घोट्यांना काळ्या-पांढऱ्या लोकरीचा दोर बांधायचा, बायकांची शर्यत लावायची, पहिली येईल तिनं तो सुरीनं कापायचा. कापणारीची चाल पोरीला लागते, असं सगळं गाव मानतं. मग देशासाठी धावलेल्या आत्याहून चांगली चाल कुणाची असणार? आणि आपण जिंकलो, तर सोमवारी बिश्केक. हरलो, तर संपलंच सगळं. सालकिननं मनाशी पक्कं केलं होतं.

कुरणात पलीकडे गवताच्या गंजीपाशी बायका ओळीनं उभ्या राहिल्या. घोडेवाल्याची जाझगुलही होती. तिला बघून पुरुषांच्या घोळक्यातून कुणीतरी ओरडलं, “जाझगुल, जरा हळू गं, आमचे घोडे लाजतात!”

इशाऱ्याचा रुमाल खाली पडला. सालकिन सुटली.

मधल्या फळीत खेळणाऱ्याला पाठीलाही डोळे असावे लागतात. मागे कोण, किती लांब, हे ती नुसत्या पावलांवरून ओळखायची. आताही तिला कळत होतं. जाझगुलची पावलं अगदी खांद्याशी आली. मग मागे पडली. मग आणखी मागे. गुडघ्यातून कळ उठून मांडीपर्यंत गेली, पण ती थांबली नाही. पुढे मीरिमला धरून बसलेली उल्जान दिसत होती. सालकिन पहिली पोचली.

काय आरडाओरडा झाला! म्हाताऱ्यांनी टोप्या उडवल्या. “वाघीण आहे वाघीण!” सालकिनचा ऊर धपापत होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. शेजारी जाझगुल उभी होती. तिला दमसुद्धा लागला नव्हता. सालकिननं ते पाहिलं आणि नजर वळवली.

तिनं सुरी घेतली, मीरिमच्या पायांतला दोर कापला.

“चल गं माझी बाई!”

मीरिम निघाली. डावा पाय टाकला, उजवा फरपटत अर्धा गोल फिरवून पुढे आणला, खांदा कलला. पुन्हा डावा. पुन्हा तसाच उजवा. लोक आधी हसले. एक म्हातारा कौतुकानं म्हणाला, “हुबेहूब आत्या!” त्याच्या बायकोनं त्याला कोपरानं ढोसलं आणि हसणं एकदम थांबलं.

सालकिन स्वतःच्या गुडघ्याकडे बघत राहिली. कुणी तिच्याकडे बघत नव्हतं.

“पंधरा दिवस झाले, अशीच चालतेय,” उल्जान हळूच म्हणाली. “जाझगुलनं दोर कापला तर ही चाल सुटेल, अशी आशा होती. तुम्हाला सांगणार कशी होते, वन्सं?”

जाझगुलला रडू फुटलं. “मला काय माहीत, वहिनी! मला वाटलं, सालकिनताईंना एकदा जिंकू द्यावं.”

सालकिनच्या खिशातला फोन वाजायला लागला. वाजून वाजून थांबला.

मीरिम लंगडत, खिदळत परत तिच्याकडेच येत होती. रोजच्यासारखा तिनं बोट धरायला हात वर केला. सालकिननं आपले दोन्ही हात पाठीमागे लपवले.