सात गिरक्या
पलटणीत भरती झालेल्या धर्मराजला उद्याच निघायचं होतं. घरी कुणीच नव्हतं, म्हणून चिंगी मांजरीला पोत्यात घालून तो गोदावरीपल्याड मावशीकडे निघाला. मांजर वाट ओळखून परत येऊ नये, म्हणून गावच्या रीतीनं त्यानं नदीकाठी पोतं सात वेळा गरागरा फिरवलं. मावशीच्या अंगणात पोतं सोडलं, तर चिंगी दोन पावलं चालली अन् कलंडली. “फिरवलंस व्हय रे मुडद्या?” मावशी कडाडली. “मंग काय करू? माघारी गेली अन् दाराला कुलूप दिसलं तर?” “अरं, मी काय तिला उपाशी ठेवणार होते का, पळून जायला?” धर्मराजची मान खाली गेली. मावशीच्या आवाजाला बिचकलेली चिंगी लटपटत उठली आणि लपायला थेट त्याच्याच पायांमागे आली. “दे इकडं उचलून.” “तूच घे, मावशी. मला हात लावायची लाज वाटून राह्यली.”