व्हर्मेंटिनोबरोबर काय वाढावं

"पिशवी द्या इकडे, काका," तनया म्हणाली.

"असू दे." उपेंद्रकाकांनी ती खुर्चीखाली, दोन पायांच्या मध्ये ठेवली. कापडी पिशवी, आत काहीतरी गोल आणि जड.

तनयानं फोन पाण्याच्या जगशेजारी पालथा ठेवला. रेकॉर्डिंग चालू होतं. नवऱ्याला, वेदांगला, तिनं मुद्दाम बाहेर पाठवलं होतं. त्याच्यासमोर काका तोंड उघडणार नाहीत, हे तिला ठाऊक होतं.

बाबांना जाऊन दीड महिना झाला होता. डॉक्टरांनी कारण एका वाक्यात सांगितलं: कोळंबीची ॲलर्जी. बाबा सुरमई, पापलेट आवडीनं खायचे, पण कोळंबी त्यांना लहानपणापासून वर्ज्य. आईनं ती कधी घरात आणली नाही. तनयाही सांभाळायची. त्या दिवशी तिच्याकडे पाहुण्यांसाठी कोळंबीचा बेत होता, म्हणून तिनं बाबांना बोलावलंच नाही, नुसता डबा पाठवला. शेवटचं जेवण एकत्र झालं नाही, ही बोच राहिली.

बाबांना कोळंबी कुणीतरी खाऊ घातली होती. आणि दुबईत, रास अल खोरला फ्रोजन कोळंबीचं गोदाम होतं ते बाबांच्या मित्राचं, उपेंद्रकाकांचं.

"मी पोहोचलो तेव्हा सूर्यकांत जमिनीवर पडला होता," असं काकांनी पोलिसांना सांगितलं होतं. पण बाबांच्या बिल्डिंगचा वॉचमन इद्रीस परवा सहज बोलून गेला, "उपेंद्रसाब तो सात बजे आए थे. ॲम्ब्युलन्स आठ बजे आई."

तो मधला तास तिला हवा होता.

तिनं रवा लावलेली कोळंबी तव्यातून काढली आणि त्याच तेलात बटाट्याचे काप सोडले. आईचीच सवय. आधी सुरमई, मग त्या तेलात काप. तेल वाया जात नाही आणि कापांना चव येते.

काकांनी मान फिरवली.

तिनं गॅस बारीक केला, बाटली आणली आणि दोन ग्लास भरले. "ओळखलीत?"

"व्हर्मेंटिनो." काका बाटलीकडे पाहत म्हणाले. "तुझ्या बापाची लाडकी."

तीस वर्षं बाबा हॉटेलात पाहुण्यांसाठी वाइन निवडत होते. ही इटलीतल्या सार्डिनिया बेटाची, समुद्राकाठच्या द्राक्षांची. शेवटी जिभेवर जराशी खारट, कडवट बदामासारखी. हिला एकटी बसवू नये, रुसते, असं ते म्हणायचे. खोबऱ्याच्या आमटीशी हिचं जमत नाही. हिला ताटात काहीतरी तळलेलं लागतं, वर लिंबू पिळलेलं.

"घ्या ना, काका. कोळंबी तुमच्याच गोदामातली आहे."

काकांनी ताटाला हात लावला नाही.

"त्या दिवशीही हीच होती ना? बाटली अर्ध्याखाली होती. बाबा एका ग्लासापुढे कधी गेले नाहीत."

"तू वकील व्हायला हवं होतंस, तनू."

"होतात ना तुम्ही तिथे?"

काकांनी ग्लास फिरवला. खाली ठेवला. "होतो."

ती पुढे झुकली. "आणि कोळंबी?"

"खलास, तनू. इथंच थांब. मला दोष दे. पोलिसांत जा, मी नाही म्हणणार नाही. पण पुढचं विचारू नकोस."

"चाळीस वर्षांची दोस्ती होती तुमची! काय खायला घातलंत त्यांना?"

"रिकाम्या हातानं गेलो होतो गं. गोदामातून आलो की तुझा बाप मला आधी हात धुवायला लावायचा. 'उप्या, साबण लाव, नाहीतर मारशील मला.'" काका हसायला गेले आणि त्यांना ते जमलं नाही.

"मग वाइनबरोबर काय होतं? बाबा ती नुसती उघडणारच नाहीत."

काकांनी वाकून पिशवी उचलली आणि आतली वस्तू टेबलावर ठेवली. स्टीलचा डबा, घासून लख्ख केलेला. झाकणावर तिच्या लग्नात कोरून घेतलेलं नाव: सौ. तनया.

"पोलिसांच्या हाती लागू नये म्हणून त्या दिवशी मीच उचलून नेला," ते म्हणाले. "आज गुपचूप तुझ्या ओट्यावर ठेवून जाणार होतो."

"यात कोळंबी नव्हती, काका! बाबांसाठी मुद्दाम वेगळे काप पाठवले होते मी. नुसते बटाट्याचे काप."

काका तिच्या खांद्यावरून मागे, गॅसकडे पाहत होते. तिनं वळून पाहिलं. काप खरपूस होत आले होते, आणि त्यांच्या मध्ये, मघाच्याच तेलात, कोळंबीची एक गुलाबी शेपटी चरचरत होती.