केरळचे फोटो

लग्नाला वीस वर्षं झाल्यावर हे मला पहिल्यांदा फिरायला घेऊन गेले, तेही थेट केरळला. नावेत, समुद्रात, नारळाखाली, मी हौसेनं फोटो काढले. यांनी एकही स्टेटसला टाकू दिला नाही. "नजर लागते. घरी गेल्यावर सावकाश दाखव सगळ्याईले," म्हणायचे. मला बाई ते लाडच वाटले.

राजापेठेतल्या घरी पोचल्यावर चपला काढल्या आणि फोन घेऊन सासूबाईंजवळ जाऊन बसले. पहिला फोटो उघडणार, तोच त्यांनी माझा हात हातात घेतला.

"कशी हाय आता तुयी माय?"

मला काही कळेना. माझी आई अकोल्यात ठणठणीत होती.

"निंघतानी विनूनं सांगतलं मले, तिले अटॅक आला, अकोल्याले जाऊन राहिलो म्हनून. दवाखान्यात जागून जागून कशी काळी पडली पाह्य तू. मी उपास धरले, शेगावले नवस बोलली. येत्या गुरुवारी तिले घेऊनच जाऊ आपन."

मी फोन पालथा ठेवला. हे बॅग उचलून आतल्या खोलीत निघाले होते. मी मागोमाग गेले.

"आईले आपलं दोघाईचं फिरनं पटलं नसतं," हे हळू आवाजात म्हणाले. "तू असं कर, तुया आईले फोन लावून सांगून ठेव, का त्या आजारी होत्या म्हनून."