हेलपाटा

कस्तुराबाईचा लेक शिवशंकर लातूरला, किल्लारीपासून जेमतेम तासाभरावर. तरी गावाकडं यायचा तो गाडीचं ऑईल बदलायलाच. शाळेतला दोस्त तय्यब सोडून दुसऱ्या मेकॅनिकवर त्याचा भरवसा नव्हता. दर चार महिन्यांनी गाडी गॅरेजला लावायची, आणि ती होईस्तोवर आईकडं बसून गरम भाकरी अन् शेंगाची चटणी खायची.

या खेपेला हात धुता धुता तो खुशीत म्हणाला, "आई, सिंथेटिक ऑईल टाकलंय. आता वर्षभर इकडं हेलपाटा न्हाई."

दुसऱ्या दिवशी कस्तुराबाई उन्हातानाची तय्यबच्या गॅरेजवर गेली. आजूबाजूला कुणी नाही बघून हळूच म्हणाली,



"तय्यब, बाबा, त्याच्या गाडीत पहिलंच ऑईल टाकत जा की रं... लवकर खराब होणारं."