दहाव्या पातळीची पेटी

मानवजातीने बेसुरेपणावर अंतिम विजय मिळवला, आणि त्याची तक्रार करायला निवृत्त पोस्टमास्तर दिगंबर वझरकर सकाळीच छंद केंद्रात हजर झाले. पूर्वी संगणकावरच्या खेळातली माणसं चार दिवसांत कौशल्याची हिरवी पट्टी भरून वादक होत. आता ती पट्टी खऱ्या माणसांच्या मनगटावर आली होती, आणि वझरकरांचं पेटीवादन दहाव्या पातळीवर पोचलं होतं.

"मला परत दोनवर आणा," ते म्हणाले.

"आजोबा, उतरवायची सोयच नाही हो," खिडकीतली मुलगी म्हणाली. "पण बिघडलं काय?"

"बायको टाळ्या वाजवते."

"मग चांगलंच की!"

"चाळीस वर्षं रोज संध्याकाळी माझी पेटी ऐकून ती स्वयंपाकघरातून ओरडायची. आता खुर्ची घेऊन समोर ताठ बसते. काल तर मला पाहुण्यांच्या कपातून चहा दिला."

मुलगी खिडकीतून पुढे झुकून हळूच म्हणाली, "पट्टी फक्त उजव्या हाताची भरते. डाव्याला काही येत नाही."

संध्याकाळी वझरकरांनी उजवा हात भात्यावर ठेवला आणि डाव्याने नेहमीचं जुनं भजन सुरू केलं. दुसऱ्या ओळीला सूर घसरला, तिसरीला भजनच हरवलं. खुर्ची घेऊन निघालेल्या प्रमिलाबाई दारातच थांबल्या. वझरकर तसेच वाजवत राहिले. खुर्ची पुन्हा आत गेली.

"अहो, देव घाबरला असेल!" आतून आवाज आला. "पुरे करा ते, आणि लसूण सोलायला या."