बशीमागचं आडनाव

व्यापारीकाकांनी बशी उलटी केली आणि आईने श्वास रोखला. मावशी गेल्यावर आमच्याकडे आलेला हा जुना विलायती डिनर सेट विकूनच आईची खानावळ उभी राहणार होती.

"अरेरे! कंपनीच्या शिक्क्यावरच 'टिपणीस' कोरलंय! आता निम्मीच किंमत. हे तारे कुणी तोडले?"

दुकानात कुणी बशा बदलू नयेत, म्हणून कालच भांड्यांवर नावं घालणाऱ्याकडून मी चोवीसही बशांवर आमचं आडनाव घालून घेतलं होतं!

"मीच," आई म्हणाली आणि तिने मान खाली घातली.

ते मला बघवेना. "नाही काका, तारे माझे! पण निम्मी किंमत देणार, तर बशाही निम्म्याच मिळतील. उरलेल्या खानावळीत लागतील."

आईने बारा बशा आपल्याकडे ओढल्या.